साहेब आलेत

आमच्या शेजारच्या तात्या दफ्तरदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ गेले.

देवासच्या कॉलनीत आमचं सामान उतरून दोनच दिवस झाले होते. सकाळी आठच्या सुमाराला बायकोनं मला विरजण मागायला शेजारी पिटाळलं. मी वाटी घेऊन फाटकाशी गेलो, तर अंगणात एक म्हातारे गृहस्थ पालथे पडलेले. पांढरा पायजमा, बंडी, एक हात पोटाखाली, चष्मा जवळजवळ मातीला टेकलेला. नवं गाव, ओळख ना पाळख, आणि पहिल्याच शेजाऱ्याला खांदा द्यायची वेळ. हाक मारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा मोकळा हात पंजा उघडून वर झाला.

"थांबावे. साहेब आलेत."

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर एक गाय होती. साहेब म्हणण्यासारखं कोणी नव्हतं. तरी मी थांबलो, कारण साहेब या शब्दाला थांबायची मला नोकरीतली सवय आहे. दहा-बारा मिनिटांनी ते उठले, गुडघे झटकले, बंडीच्या खिशातून वही काढून त्यात काही लिहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "गेले. दफ्तरी नोंद झाली. बोला, काय हवंय?"

विरजण मिळालं. पण तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

मी मुळातच काळजीखोर माणूस आहे. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत येतो. कारखान्यात मी क्वालिटीत आहे. चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत दोष शोधायचा, त्याचाच मला पगार मिळतो, आणि तीच नजर घरी आणल्यामुळे बायको, म्हणजे नीलिमा, माझ्यावर कायम वैतागलेली असते. अशा माणसाच्या शेजारी रोज सकाळी दोन तास पालथा पडणारा म्हातारा असावा, हे माझं नशीब. ऊन लागलं तर? विंचू निघाला तर? एखाद्या दिवशी खरंच काही झालं, तर ते मला कळणार कसं? दूधवाल्याला मी एकदा हे विचारलं. तो म्हणाला, "भिया, हिलते हाथ को देखो. हाथ हिला तो तात्याजी चंगे हैं." तेव्हापासून मी कामावर निघताना फाटकाशी मुद्दाम चप्पल वाजवतो. हात वर झाला की निर्धास्त होऊन स्कूटरला किक मारतो.

तात्या सरकारी शाळेत विज्ञानाचे मास्तर होते. माझ्याशी पोथीतल्यासारखं मराठी बोलायचे, दूधवाल्याशी माळवी हिंदी, आणि मुंग्यांशी दोन्ही. घराणं जुनं. देवासात एके काळी दोन राजे होते, एकाच गावात दोन गाद्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू यांची, ती बाजू त्यांची. तात्यांचे पूर्वज धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. ती संस्थानं केव्हाच गेली, पण तात्यांच्या अंगणात दोन्ही पात्या अजून नांदत होत्या.

पेरूच्या झाडाच्या बुंध्याशी तांबूस मुंग्यांचं एक मोठं वारूळ होतं. त्यांच्यात काही मुंग्या शिपाई असत, अंगापेक्षा डोकं मोठं, जबडे तसेच. ही थोरली पाती. तिथून चार हातांवर, भिंतीच्या फटीत, बारीक काळ्या मुंग्या राहत. ही धाकटी पाती. तात्या दोघींच्या बरोबर मध्ये गोडाचा तुकडा ठेवत आणि मग पालथे पडून राज्यकारभार बघत.

"थोरल्या पातीचं बळ बघा," त्यांनी मला पहिल्या रविवारी शेजारी पालथं पाडून दाखवलं. "खाऊ पडला की दहा मिनिटांत त्यांचा ताबा. धाकटी पाती बिचारी काठावरून बघते. न्यायानं पाहिलं तर आमच्या लोकांनी उपाशी मरावं. पण नाही मरत. का नाही मरत?"

"का?" मी विचारलं. माझ्या कोपराला काहीतरी चावलं होतं.

"साहेब येतात."

साहेब म्हणजे एक माशी. आपल्या घरातली नव्हे. खसखशीचे दोन दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढीशी. ती वारुळावर येऊन हवेत तरंगते, एखाद्या शिपायाच्या मागे लागते आणि पापणी लवते न लवते तोच त्याच्या अंगात अंडं घालून जाते. संस्थानी काळात इंग्रज सरकारच्या गोऱ्या एजंटसाहेबाची स्वारी आली की दरबारातले मोठमोठे पगडीवाले कसे खांबाआड होत, हे तात्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं. म्हणून माशीचं नाव एजंटसाहेब, आणि आदरानं नुसतं साहेब.

"पुढे काय होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"अंड्यातून अळी निघते. सरकत सरकत डोक्यात जाते. आतून डोकं पोखरते. एके दिवशी डोकं गळून पडतं. धडापासून वेगळं. मग त्या रिकाम्या डोक्यात अळी कोश करून राहते. चहा घ्याल ना?"

मी चहा घेतला नाही. पुढचा आठवडाभर माझा हात आपोआप मानेकडे जाई. नीलिमा म्हणाली, "तुम्ही कशाला घाबरता? माशीला आत काही खायला मिळायला हवं ना."

मला मात्र क्वालिटीवाल्याचा प्रश्न पडला होता. पुढच्या रविवारी मी विचारलं, "तात्या, अशा मरतात किती?"

तात्या खूश झाले. असा प्रश्न त्यांना बहुधा कोणी विचारला नव्हता. "दिवसाकाठी एखादी. कित्येक दिवस तीही नाही."

"वारुळात हजारो असतील. मग एवढ्यातेवढ्यानं काय बिघडतं?"

"मरणानं बिघडत नाही, पाटणकर. भीतीनं बिघडतं. ते पाहा."

मी पाहिलं. गुळाच्या खड्याभोवती थोरल्या पातीचा गराडा पडला होता. तेवढ्यात वर काहीतरी लुकलुकलं, आणि गराड्यात एकदम पळापळ झाली. मोठ्या डोक्यांचे शिपाई पानाखाली दडले, बाकीच्या वारुळाकडे धावल्या. दोन मिनिटांत खडा मोकळा. मग भिंतीच्या फटीतून एक बारीक काळी रेघ निघाली आणि अगदी सावकाश, लग्नाच्या दुसऱ्या पंगतीला बसावं तशी, गुळाला येऊन बसली. त्यांना साहेबांचं भय नव्हतं. साहेबांना फक्त थोरली डोकी लागतात.

"एकसुद्धा मेली नाही," तात्या कुजबुजले. "पण ताट गेलं."

मी म्हणालो, "मी थोरल्या पातीचा दिसतो. माझंही असंच होतं."

"तुम्हाला घाबरट म्हणू नये. सावध म्हणावे," तात्यांनी माझी समजूत घातली. हे ते मला नेहमी म्हणत. मला ते आवडे, कारण घरी दुसरा शब्द वापरला जाई.

साहेबांची ते फार बडदास्त ठेवत. एकदा डासांसाठी धूर सोडणारी गाडी कॉलनीत आली, तर तात्या पेरूखाली छत्री उघडून उभे राहिले आणि ओरडले, "इधर नहीं, भिया. इधर साहब का मुकाम है." गाडीवाल्यानं धूर बंद केला. मला हळूच विचारलं, "कोई बड़े साहब ठैरे हैं क्या?" खोटं बोलताना मला घाम फुटतो, पण हे खोटं नव्हतं. मी मान हलवली. त्या मोसमात आमच्या गल्लीतले डास देवासात सगळ्यांत गुटगुटीत होते.

वह्या त्यांच्याकडे कपाटभर होत्या. एकदा त्यांनी मला अगदी जुनी एक दाखवली. निरीक्षण तात्यांच्या अक्षरात, पण वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी लहान हाताच्या, गोल गोल, रेघ सोडून चाललेल्या: 'साहेब आये ८.१०. साहेब गेले ८.२२.' आये आणि गेले एकाच ओळीत. मी हसून म्हणालो, "हे कोणाचं मराठी?" तात्यांनी पान उलटलं आणि पाऊस कधी येईल याबद्दल बोलू लागले.

आता अनारशांचं सांगतो. एरवी तात्या मुंग्यांना गूळ, फार तर शिळ्या पोळीचा लाडू देत. पण तीन वर्षांपूर्वी अधिक महिना आला तेव्हा त्यांनी तांदूळ भिजत घातले, तीन दिवस रोज पाणी बदललं, कुटले, चाळले, गूळ घालून पीठ मुरवलं, आणि तुपात अनारसे तळले. एकटा माणूस, तोही पुरुष, तोही चष्मा मातीला टेकवणारा, पण अनारशाला जाळी अशी सुरेख की नीलिमा बघतच राहिली. आमच्या वाट्याला मात्र फक्त हसलेले आले. अनारसा तुपात विरघळून फुटला की हसला म्हणतात. धड अनारसा तात्यांनी रोज एक, न चुकता, पेरूखाली ठेवला. अधिकात दानाचं पुण्य असतं, आणि माळव्यात मुंग्यांना पीठ-साखर घालणारे पुष्कळ आहेत. नीलिमानं निकाल दिला: म्हातारा पुण्य जोडतोय. आम्ही तो विषय तिथंच मिटवला.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. पुन्हा तांदूळ भिजले, पुन्हा रोज एक अनारसा पेरूखाली जाऊ लागला. दहाव्या-अकराव्या दिवशी मी फाटकाशी चप्पल वाजवली आणि हात वर झाला नाही. अंगणात कोणीच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं, डॉक्टर, रुग्णवाहिका, कोणाला कळवायचं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत घुसलो.

तात्या खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर मोबाइल थरथरत होता आणि ते त्याच्याकडे वारुळाकडे बघावं तसे बघत होते. पडद्यावर नाव होतं, सुधा. मोबाइल थांबला. पुन्हा थरथरू लागला.

"उचला ना," मी म्हणालो.

"उचलला तर ती 'या' म्हणेल."

सुधा म्हणजे तात्यांची मुलगी. त्यांना मुलगी आहे हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. इथून शंभर किलोमीटरवर, धारला असते. एरवी तिचा फोन ते घेतात. मी बरा आहे, मुंग्या बऱ्या आहेत, एवढं बोलून ठेवतात. फक्त अधिक महिन्यात घेत नाहीत. त्या दिवशी तात्यांनी मला सगळं सांगितलं, मास्तर धडा सांगतात तसं, माझ्याकडे न बघता.

बायको गेली तेव्हा सुधा नववीत होती. घर सांभाळायला तात्यांची थोरली बहीण आली, आक्का. आक्काच्या जिभेला सगळं गणगोत भ्यायचं. "तिनं खरं वाकडं केलं असेल एक-दोघांचं," तात्या म्हणाले. "पण ती दारात आली की घरंच्या घरं आतल्या खोलीत जायची." पुढे सुधानं पीथमपुरच्या कारखान्यातल्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण माळवी, आपल्यातला नव्हे. आक्का म्हणाली, जो या लग्नाला जाईल त्याच्या घरचं मी पाणी पिणार नाही. झालं. चुलते, मामा, मावश्या, एकजण गेला नाही.

"आणि तुम्ही?"

"कोट घालून दाराआड बसलो होतो. संध्याकाळपर्यंत." तात्यांनी चष्मा काढला. "कन्यादान शेजारी नव्यानं राहायला आलेल्या एका जोडप्यानं केलं. माळवी माणसं. सुधाची ओळख दोन महिन्यांची."

अधिकात जावयाला अनारशांचं वाण देतात, तेहतीस. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हा सातवा अधिक महिना. प्रत्येक अधिकात तात्यांनी मोजून तेहतीस धड अनारसे केले आणि प्रत्येक अधिकात ते मुंग्यांनी खाल्ले. "एकट्या म्हाताऱ्याला तेहतीस कसे संपणार?" ते म्हणाले, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं, कारण रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही. ते रडत नव्हते. रडायच्या बेतात मीच होतो.

त्या दिवसापासून माझ्या काळजीला तारीख मिळाली. महिना संपायला वीस दिवस. पुढचा अधिक पावणेतीन वर्षांनी. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हा हिशेब मी कारखान्यात करायचो, जेवताना करायचो, दात घासताना करायचो. शेवटी साडूची गाडी मागून आणली आणि तात्यांना म्हटलं, रविवारी धारला जाऊ.

रविवारी ते कोट-टोपी घालून, डबा घेऊन निघाले. फाटकापर्यंत आले. पेरूकडे नजर गेली. "साहेब आलेत," म्हणाले आणि कोटासकट पालथे पडले. पुढच्या रविवारी मी गाडी मागच्या गल्लीत लावली, पेरू दिसणार नाही अशी. या खेपेला इंदूर मागे पडलं. समोरून पीथमपुरच्या शिफ्टच्या बस येत होत्या. तात्या एकेका बसकडे बघत होते. मग म्हणाले, "वही राहिली. परत फिरवा." वही त्यांच्या खिशात होती, मला दिसत होती. पण त्यांनी डबा छातीशी असा आवळून धरला होता की मी गाडी वळवली. सावध माणसानं सावध माणसाला काय सांगावं?

नीलिमा मात्र संतापली. "दोघं मिळून एक माणूस होत नाही तुमचा," ती म्हणाली.

आणि शेवटचा दिवस उजाडला. अमावास्या. अवसेला प्रवासाला निघू नये म्हणतात, ते मला रात्रभर आठवत होतं. तरी रजा टाकली, गाडीची हवा दोनदा तपासली आणि साडेसातला तात्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ते पालथेच होते. तिसावा अनारसा पेरूखाली होता. डब्यात उरले होते तीन.

थोरल्या पातीनं अनारसा वेढला. साहेब आले. थोरली पाती पळाली. धाकटी पाती आली. आठ दहाला साहेब गेले, तात्यांनी लिहून घेतलं. मी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात करत होतो. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. शिपाई एक बाहेर येईना. माझा धीर सुटला.

"तात्या, साहेब गेले ना?"

"आठ दहाला."

"मग आता पावणेनऊ झाले. या अजून आत काय करतायत?"

मी ते निव्वळ चिडून विचारलं होतं. पण मातीवर गाल टेकून तात्या वारुळाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आत बसलं की साहेब गेले ते कळत नाही."

थोड्या वेळानं ते उठून बसले. "आक्का जाऊन अकरा वर्षं झाली, पाटणकर," ते म्हणाले. "अकरा वर्षं. आणि मी तुम्हाला सावध, सावध म्हणत बसलो. सावध कसला. घाबरट हो. घाबरट माणूस आहे मी."

त्यांनी गुडघे झटकले आणि कोट आणायला आत गेले.

निघताना डबा उघडून ते पुन्हा अडले. "तीनच. असं तोकडं वाण घेऊन जायचं?" नव्यानं करायचे तर तांदूळच तीन दिवस भिजणार. नीलिमानं आमचं चांदीचं तबक आणून डब्यावर ठेवलं आणि म्हणाली, "तेहतीसला आपल्याकडे तीस-तीन म्हणतात ना, तात्या? तीस मुंग्यांनी घेतले. तीन जावयांचे. बसा गाडीत." तिचं हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे कोण जाणे, पण तात्या बसले.

वाटेत गाडीचा काटा गरमीकडे सरकतोय असं मला सारखं वाटत होतं. धारमध्ये नालछ्याच्या रस्त्याला सुधाचं घर आहे, साधं, पुढे छोटं अंगण, तुळस, एक मोटरसायकल. मी हॉर्न वाजवला नाही. तात्या उतरले. फाटक उघडून दोन पावलं आत गेले आणि थांबले.

दार उघडलं. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावलेली बाई, दोन्ही हात कणकेचे. तिनं वडिलांना पाहिलं आणि पायरी उतरायला पाऊल उचललं. तेवढ्यात तात्यांचा हात वर झाला. पंजा उघडा.

मी गाडी बंदही केली नव्हती. आता हे वळणार, मागे येऊन बसणार, वही राहिली म्हणणार.

सुधा मात्र जागच्या जागी थांबली होती. एक पाय पायरीवर, एक हवेत. लहानपणी शिकवलेलं माणूस विसरत नाही. ती हलली नाही, रडली नाही, हाकही मारली नाही. मग अगदी हळू, वारुळाला ऐकू जाऊ नये इतकं हळू, तिनं विचारलं, "साहेब आहेत का अजून, तात्या?"

"नाहीत गं," तात्या म्हणाले. हात अजून वरच होता. "केव्हाच गेले. वेळ लिहून घे."

सुधानं मनगटावरच्या घड्याळाला लागलेली कणीक दुसऱ्या हाताच्या कोपरानं पुसली.

"बारा वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली.